शिशाची मोकळी कड

आमचा धाकटा दीर नवल, याला वळण म्हणून काही नाही. माघात माझ्या नातीचं जावळ होतं, देवपूरला आमच्या घरी. हा नरडाण्याहून आला, बायकोला घेऊन आला, पंगतीत बसला, मांडे खाल्ले. शेजारच्या लताबाईला तिच्या गुडघ्याचं विचारलं, दारातल्या कुत्र्याला तुकडा टाकला. आणि मी समोर खुर्ची टाकून बसलेली, माझ्याशी एक शब्द नाही. मी म्हटलं, नवल, अजून एक मांडा घे. तर हा रत्नाकडे बघून म्हणतो, बास झालं म्हणावं. रत्ना म्हणजे त्याची बायको, माझी जाऊ. ती माझ्याकडे बघून म्हणाली, बास झालं म्हणताहेत. दोन हातांवर बसलेला माणूस, पण निरोप बायकोच्या हाती. नऊ वर्षं हेच चाललं होतं.

मी त्याची थोरली वहिनी. लग्न होऊन या घरात आले तेव्हा हा आठ वर्षांचा होता आणि याची आई जाऊन दोन महिने झाले होते. याचं नाक मी पदरानं पुसलंय. याच्या डोक्यातल्या उवा काढल्यात. असल्या माणसानं चारचौघांत मला भिंत समजावं, हे मला सोसायचं नाही, आणि मी काही सोसून गप्प राहणारी बाई नाही. नात्यात, गल्लीत, लग्नाकार्यात, जिथं बसेन तिथं मी सांगायची, की काम यानं बिघडवलं आणि फुगून बसला माझ्यावर. इतक्या वेळा सांगितलं, की ते मला पाठ झालं. पाठ झालेलं माणसाला खरं वाटायला लागतं.

आमचा धंदा पत्र्याचा. माझे मालक रुपचंद यांनी अख्ख्या धुळे तालुक्यात पत्रे चढवले, गोठ्यांवर, पिठाच्या गिरण्यांवर, शाळांच्या पडव्यांवर. आपल्याकडचा वैशाख कसा असतो ते सांगायला नको. दुपारी ऊन भाजून काढतं आणि संध्याकाळी कुठून तरी वावटळ उठते ती पत्र्याखाली घुसते. मी बारा-तेरा वर्षांची असेन, माहेरी आमच्या शेजारच्या गोठ्याचा पत्रा असाच सुटला. उडत आला आणि आमच्या दावणीच्या बैलाचा मागचा पाय कापून गेला. तो बैल दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ओरडत होता. तेव्हापासून मोकळी कड दिसली की माझा हात खिळ्याकडे जातो. पुढं नवराही पत्रेवालाच मिळाला, आणि त्यांचं म्हणणंही तेच होतं. वीतभरावर एक खिळा, खिळ्याखाली डांबरी वायसर, आणि कड म्हणून मोकळी सोडायची नाही. रुपचंदचा पत्रा उडत नाही, असं लोक म्हणायचे. ते गेले, त्याला अकरा वर्षं झाली. माणूस गेला तरी काम थांबू दिलं नाही मी. दीपक, माझा मुलगा, वर चढायचा आणि मी खाली उभी राहून बोट दाखवायची. चौथी शिकलेली बाई, पण कुठं खिळा कमी पडलाय ते मला रस्त्यावरून दिसायचं.

नवलचं काम वेगळं होतं. तो तरुणपणी भुसावळला गेला, तिथं रेल्वेच्या जुन्या बंगल्यांची छपरं दुरुस्त करणारा एक म्हातारा मिस्तरी होता, त्याच्या हाताखाली सहा वर्षं राहिला. तिथून तो शिशाचं काम शिकून आला. शिशाचा पत्रा म्हणजे चटईसारखा गुंडाळलेला येतो. गुंडाळी उचलायला दोन माणसं लागतात, पण उलगडला की हातानं वळतो, भिजवलेल्या पिठासारखा ऐकतो. कौलं जिथं भिंतीला भिडतात त्या सांध्यावर तो बसवायचा, म्हणजे भिंतीवरून उतरणारं पाणी आत न जाता कौलांवर पडतं. लोखंड गंजतं, शिसं गंजत नाही. नवल लाकडी मोगरीनं हळूहळू ठोकून तो पत्रा भिंतीच्या अंगाला असा बसवायचा, की मधून नखही जाऊ नये. मी त्याला चिडवायची, की बायका नदीवर मोगरीनं कपडे धुतात तसं तुझं चाललंय. काम झालं की जेवायच्या आधी साबणानं तीनदा हात धुवायचा, नखं सुद्धा घासायचा. शिसं पोटात गेलं तर वाईट, म्हणायचा. त्यावरूनही मी चिडवायची. तेव्हा तो हसायचा. तेव्हा बोलायचा माझ्याशी, खूप बोलायचा.

दहा वर्षांपूर्वी रत्नाच्या माहेराहून काम आलं. पारोळ्याच्या अलीकडे फाट्यावरून आत चार किलोमीटरवर तिचं गाव. तिथं रामाचं जुनं देऊळ आहे. गाभारा दगडाचा उंच, आणि त्याला पुढं कौलारू सभामंडप टेकलेला. गाभाऱ्याच्या बाहेरच्या भिंतीवर, मंडपाच्या आतल्या बाजूनं, राम, सीता, लक्ष्मण, मारुती असे कुण्या जुन्या माणसानं रंगवलेले. वरच्या सांध्यावर शिसं होतं, ते इंग्रजांच्या काळातलं, विटून गेलेलं. गावाला पुन्हा शिसंच हवं होतं. रत्नाचे चुलते अभिमन आबा तेव्हा देवळाचं बघायचे. ते म्हणाले, आपला जावईच हे काम जाणतो तर बाहेरचा माणूस कशाला. नवलला इतका आनंद झालेला मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता. सासुरवाडीच्या देवळावर आपला हात लागणार, याहून मोठं काय असतं माणसाला.

पहिल्या दिवशी मी कामावर गेले होते. कामाला नाव आमच्या घराचं होतं, मग मी जाणारच. बघते तर यानं एवढा छान लांब पत्रा कापून हातभराचे तुकडे केलेले. मी म्हटलं, ही ठिगळं कसली लावतोस? त्यानं सांगितलं, की तुकडे एकावर एक चढवायचे, वरची कड भिंतीच्या खाचेत पाचर मारून पक्की करायची, आणि खालची कड लाकडी पट्टीवर नुसती दाबून ठेवायची. खिळा नाही. मी म्हटलं, का नाही?

“वहिनी, शिसाले ऊन कळस,” तो म्हणाला. “त्याले हालाले जागा लागस.”

“शिसं काय बकरी शे,” मी म्हटलं, “मोकळं सोडाले?”

खाली विटा उचलणारे सगळे हसले. तोही हसला. मला वाटलं, विषय संपला.

पंधरा दिवसांत काम झालं. शेवटच्या दिवशी नवल सासूला डोळे दाखवायला पारोळ्याला घेऊन गेला होता. मी दीपकला घेऊन गेले, परांचीचे बांबू उतरवायच्या आत एकदा सगळं डोळ्याखालून घालावं म्हणून. शिडी चढून वर गेले आणि खालच्या कडेला बोट लावलं. कड उचलली गेली. एका बोटानं. मला तो बैल आठवला. आणि खरं सांगायचं तर नुसता बैल नाही आठवला. खाली गावचे लोक बसलेले होते, आणि मला वाटलं, उद्या हे उडालं तर म्हणतील, रुपचंदच्या माघारी त्याच्या घरात काम करणारं कुणी उरलं नाही.

मी दीपकला म्हटलं, पत्र्याचे खिळे आण. तो म्हणाला, काकाला विचारू, संध्याकाळी येतीलच. मी म्हटलं, काकाचा नोकर आहेस का तू? दीपक बावीस वर्षांचा होता, आईच्या शब्दाबाहेरचा नव्हता. वीतभरावर एक, मी बोट दाखवत गेले आणि तो ठोकत गेला. जिथं एक तुकडा दुसऱ्यावर चढला होता तिथंही दोन दोन. चारपर्यंत सगळं घट्ट झालं. मग बांबू उतरवून घेतले. नवल आला तेव्हा वर चढायला काही राहिलंच नव्हतं. खालून बघून खूश झाला बिचारा. मी दीपकला आधीच बजावून ठेवलं होतं, की काकाला बोलू नकोस, उगीच मनाला लावून घेईल. म्हणजे लपवायचं असतं एवढं मला कळत होतं. यात काय मोठं, असं म्हणून मी झोपले, आणि मला झोपही लागली.

तो पावसाळा कोरडा गेला देवळात. पुढचा उन्हाळा पंचेचाळीसला टेकला. मग आषाढ आला आणि तीन दिवसांच्या झडीत भिंत आतून वाहिली. अभिमन आबांनी आम्हा सगळ्यांना बोलावून घेतलं. सभामंडपात गाव बसलेलं. भिंतीवर रामाच्या जागी निळसर ओघळ, आणि सीतेचा फक्त पदर उरलेला. मारुती तेवढा कोपऱ्यात वाचला होता. आबा उठले नाहीत, आवाज चढवला नाही.

“जवाई म्हणीसन काम दिधं,” ते नवलला म्हणाले, “आन तू देवनं तोंड धोई टाकं.”

नवल उठून बाहेर अंगणात गेला. वरून शिशाचा एक फाटका तुकडा निसटून खाली पडला होता, तो त्यानं उचलला, उलटा करून पाहिला, बोट फिरवलं. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, रागानं पाहतोय. कुणीतरी मला विचारलं, की तुम्ही घरच्या मोठ्या, तुमचं काय म्हणणं? तेव्हा मी बोलले. माझे शब्द मला जसेच्या तसे आठवतात, विसरायचा प्रयत्न करून पाहिलाय.

“काम त्याना हातनं शे,” मी म्हटलं. “माले शिसामधलं काय समजस?”

हे मी खोटं म्हणून बोलले नाही. तेव्हा मला खरंच वाटत होतं, की यानं ठिगळं लावली म्हणून गळलं, माझे खिळे होते म्हणून निदान उडालं तरी नाही. पण खिळ्यांचं मी बोलले नाही. तो शब्द जिभेवर आला होता आणि मी तो गिळला.

आबांनी सांगितलं, की यापुढं या छपराला नवलचा हात लागता कामा नये. गावानं सांध्यावर डांबर ओतलं, प्लॅस्टिक बांधलं. नवलनं त्यानंतर शिशाला हात लावला नाही. कुणी बोलावलंही नाही, बातमी अशी धावते. तो नरडाण्याला एका सूत कारखान्याच्या गेटवर लागला, आणि भुसावळला सहा वर्षं शिकलेला माणूस येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकचे नंबर लिहायला लागला. माझ्याशी बोलणं तेव्हापासूनच बंद झालं.

आणि रत्नाचं माहेर बंद झालं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आपल्याकडे लेक माहेरी गेली नाही असं होत नाही, आजारी असली तरी तिला घेऊन जातात. झोका बांधायचा, गौराईची गाणी म्हणायची, वर्षाचं बोलून घ्यायचं. तिची आई दर वर्षी निरोप पाठवायची आणि रत्ना दर वर्षी काहीतरी कारण सांगायची. नवऱ्याला जिथं पाय ठेवायला तोंड नाही तिथं मी कशी झोके घेऊ, हे कारण ती कुणाला सांगायची नाही. चार वर्षांपूर्वी तिची आई गेली. रत्ना गेली, तोंड पाहिलं आणि त्याच दिवशी परतली. नवल थेट स्मशानात गेला, लाकडं रचू लागला, आणि गावात न शिरता फाट्यावर जाऊन उभा राहिला. हे मी लताबाईला सांगितलं तेव्हा म्हणाले होते, की बघ, एवढा अकडू माणूस, सासूच्या मरणातही वाकला नाही.

यंदा होळीनंतर गावानं ठरवलं, की डांबर-प्लॅस्टिक काढायचं आणि तिथं नीट पत्रा बसवायचा. काम दीपकला दिलं. शिशाचं नाव नको, असं अभिमन आबांनी सांगूनच टाकलं. दीपकनं दुसऱ्या दिवशी फोन केला आणि म्हणाला, आई, तू एकदा येऊन बघ. त्याचा आवाज बरोबर नव्हता.

बासष्टाव्या वर्षी मी शिडी चढले. दीपकनं डांबर खरवडून काढलं होतं, शिसं उघडं पडलं होतं. माझ्या टाचांना हिवाळ्यात भेगा पडतात ना, तशा भेगा होत्या. आणि सगळ्या भेगा एका खिळ्यापासून निघून दुसऱ्या खिळ्याला जाऊन मिळालेल्या. जिथं खिळा तिथं पत्रा फुगून वर आलेला, मग चिरलेला. उन्हात शिसं पसरलं, त्याला जायला जागा नव्हती, रात्री आखडलं, तेव्हाही खिळ्यानं धरून ठेवलं. असं रोज. शेवटी फाटलं.

मग दीपकनं मला पूर्वेच्या टोकाला नेलं, मारुतीच्या वर. तिथले शेवटचे दोन तुकडे गुळगुळीत होते. दहा उन्हाळे अंगावर घेऊन एक चरा नाही, आणि एकही खिळा नाही. मी म्हटलं, इथं का नाही मारले? तो म्हणाला, त्या दिवशी खिळे संपले होते, तूच म्हणालीस, राहू दे, दोन तुकड्यांनी काय होतंय.

मी त्या तुकड्याच्या कडेला बोट लावलं. कड उचलली, आणि बोट काढल्यावर आपली आपण परत बसली. मी तिथंच कौलांवर बसले. कौलं तापलेली होती, लुगड्यातून चटका लागत होता, तरी उठवेना. खाली मारुतीचा रंग शाबूत होता तो का, हे मला तेव्हा कळलं.

दीपक म्हणाला, हे काढून टाकतो, पत्रा मारून मोकळा होतो, कुणाला कळायचं नाही. आपलं नाव आहे या भागात. मी त्याच्याकडे पाहिलं. ते वाक्य त्यानं माझ्याकडूनच शिकलेलं होतं, मी त्याला काय बोलणार. एवढंच म्हटलं, की ते दोन तुकडे काढू नकोस.

बारा दिवस मी घरात बसून राहिले. लताबाईनं विचारलं, तोंड का उतरलंय, तर तिच्यावरच खेकसले. तेराव्या दिवशी एसटीनं नरडाण्याला गेले. स्टेशनच्या मागं दोन खोल्यांत राहतात ही दोघं. नवल ड्यूटीवर होता. रत्ना ओसरीवर कुरडया घालत होती. मला पाहून उठली, पाणी दिलं, आणि परत सोऱ्या हातात घेतला. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, खिळ्यांचं, भेगांचं, त्या दोन तुकड्यांचं, सगळं. वाटलं, ही आता रडेल नाहीतर मला हाकलून देईल. तिनं हातातली कुरडई पुरी केली.

तिला माहीत होतं. अंगणात तुकडा उचलला त्याच दिवशी नवलनं ओळखलं होतं, खिळ्याचं भोक त्याला दिसलं होतं. घरी जाऊन त्यानं तिला सांगितलं, की वहिनीनं ठोकलेत, पण हे बोलायचं नाही. दीपकचं नुकतं स्थळ बघणं चाललं होतं, आणि धंदा सगळा त्याच्यावर होता. रुपचंदच्या घरानं देवळाचं काम बिघडवलं असं झालं, तर त्याला कोण काम देईल आणि कोण पोरगी देईल. माझ्या एकट्याचं नाव जाईल ते जाऊ दे, म्हणाला. मग रत्नानं विचारलं होतं, की वहिनीशी तरी का बोलत नाही? तर म्हणाला, तिच्याशी बोलायला तोंड उघडलं की पहिलं तेच बाहेर येईल, म्हणून उघडतच नाही.

मी खाली बसले. नऊ वर्षं मी ज्याला माज म्हणत होते ते हे होतं. त्यानं तोंड बंद ठेवलं होतं माझ्यासाठी, आणि माझं तोंड गावभर चाललं होतं त्याच्या नावानं.

रत्नानं मला दोष दिला नाही. दिला असता तर मी भांडले असते, भांडण मला जमतं. तिनं एवढंच विचारलं.

“अक्का, माझी आई जावयाला नालायक समजून गेली. तिला आता कोण सांगणार?”

 कुरडया वाळत होत्या, त्यांच्यावर मी उगीच पदरानं वारं घातलं, माशा नव्हत्या तरी. निघताना म्हटलं, यंदा आखाजीला दोघं तुझ्या गावी या, मी तिथं असेन. ती म्हणाली, ते यायचे नाहीत. मी म्हटलं, मग तू ये. ती दाराच्या चौकटीला हात लावून म्हणाली, मी जाईन, एकटी जावं लागलं तरी जाईन.

घरी दीपकला सांगितलं, तर त्यानं ताट सरकवलं. म्हणाला, तू बोललीस की तालुक्यातली कामं गेली म्हणून समज. नवलकाका स्वतः बोलत नाहीत तर तुला काय पडलंय? दीपकची बायको आतून ऐकत होती. खरं होतं त्याचं. नऊ वर्षांपूर्वी बोलले असते तर नुसती लाज गेली असती. आता नातीच्या तोंडचा घास होता त्यात. मी दोन दिवस विचार केला, विचार करायला इतका वेळ लागणारी बाई मी नव्हते कधी. मग दीपकला म्हटलं, मला मोटारसायकलवर नेतोस की एसटीनं जाऊ? तो नेतो म्हणाला. 

आखाजीला देवळापुढच्या निंबाला झोका बांधलेला होता, पोरी गात होत्या. सभामंडपात म्हातारी मंडळी बसलेली. अभिमन आबा आता ऐंशीचे, भिंतीला टेकून, कानावर हात धरून ऐकतात. भिंतीवर गावानं पांढरा चुना मारलाय, कोपऱ्यात मारुती एकटाच. रत्ना येऊन आतल्या बायकांत बसली होती, तिच्या हातावर कुणीतरी मेंदी लावत होतं. नवल आला होता. बायकोला एकटी सोडणं त्याच्यानं झालं नाही. पण तो देवळाच्या पायरीखाली, चपला काढून ठेवतात तिथं उभा होता, आणि चपला त्यानं काढल्या नव्हत्या.

मी आबांच्या पुढं जाऊन उभी राहिले आणि मोठ्यानं सांगितलं, म्हणजे त्यांना ऐकू जावं आणि मागच्यांनाही. खिळे मी मारायला लावले. पोराचा दोष नाही, तो विचारू म्हणत होता. नवलला न विचारता मारले आणि त्याच्यापासून लपवले. जिथं खिळे पोचले नाहीत तिथलं शिसं वर जाऊन बघा, आणि त्याच्याखालचा मारुती इथं बसल्या बसल्या बघा. त्या दिवशी याच मंडपात तुम्ही विचारलंत तेव्हा मी गिळून बसले. सांगताना माझा आवाज कुठं कापला नाही, याचा मला तेव्हाही थोडा अभिमान वाटला. एवढ्यावरही तो जात नाही माझा.

पोरींचं गाणं थांबलं होतं. एक जण म्हणाला, बाई, आता सांगून काय उपयोग, रंग गेला तो गेला. दुसरा दीपककडे बघायला लागला, दीपकनं मान खाली घातली. आबांनी मान वळवून मारुतीकडे पाहिलं. मग त्यांनी पायरीकडे तोंड करून नवलला विचारलं, की हे खरं का. नवल म्हणाला, जुनं झालं ते आबा, जाऊ द्या, वहिनीचं आता वय झालंय.

म्हणजे तेव्हाही तो मला झाकत होता. म्हातारीला भ्रम झालाय असं लोकांनी समजावं आणि मी सुटावं, अशी वाट त्यानं करून दिली. आणि मला माहीत आहे, मागं बसलेल्या दोघांतिघांनी तसंच समजून मान हलवली.

ती वाट मी घेतली नाही. मंडपातून खाली आले, पायऱ्यांवर तोल गेला, दीपक धावला, त्याला मी हातानं लांब केलं. नवलच्या समोर उभी राहिले. त्याच्या मिशीत पांढरे केस आलेत, मी जवळून पाहिलाच नव्हता इतकी वर्षं. तो रत्नाला शोधत माझ्यावरून बघायला लागला, तर मी त्याची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं, लहानपणी नाक पुसताना धरायची तशी. मंडपात ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं,

“काम तुन्हं खरं व्हतं, नवल. खोटी मी शे.”